कुलेश्वराच्या दोन खेपा

मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच सावनात माझी नणंद लता गेली. रायपूर राजधानी होऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

आमच्या घरचे, मीनलचे बाबा, बहिणीला खांदा द्यायला रायपूरला गेले. खांदा दिला, घाटावर एका बाजूला उभे राहिले, चिता पेटली ती पाहिली, आणि भाच्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या छोट्या गाडीनं परत आले. सुतक फिटलं तसा नांगर खांद्यावर टाकून शेतात. घरात बसवतच नव्हतं त्यांना. जेवायला बसले तरी अर्ध्या भाकरीवर उठायचे, दाराशी जाऊन उभे राहायचे, पुन्हा आत यायचे.

आमचं गाव खपरीडीह. रायपूरहून राजिमला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या कडेचं. आमचे आजेसासरे भंडाऱ्याकडून येऊन इथं राहिले, तेव्हापासून आम्ही इथले. घरात मराठी, बांधावर छत्तीसगढी. शेती पूर्ण इथल्या रीतीची. सावनात आमच्याकडे बियासी असते. पेरलेला धान वीतभर वर आला की बांधीत पाणी साठवायचं आणि त्या उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवायचा. दाट उगवलेलं मोडतं, जे राहतं ते जोमानं फुटतं. नवीन माणसानं पाहिलं तर त्याला वाटेल, हे लोक हातानं पीक बुडवून राहिले.

त्या दिवशी तेच चाललं होतं. हे नांगरावर, मी मागून उपटलेली रोपं विरळ जागी खोचत. वर आभाळ इतकं खाली आलेलं की बाभळीला टेकेल.

"मामी!"

बांधावर मंजिरी उभी. आमच्या भाच्याची, निरंजनची बायको. नागपूरची पोरगी, रायपुरात बूढापाऱ्यात लताच्या घरी सून म्हणून आलेली. चपला एका हातात, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पिंढऱ्यांना कन्हार मातीचा काळा चिखल. छोट्या गाडीतून उतरून रुळारुळानं एकटीच चालत आली होती.

"मामांशी बोलायचं होतं."

"बोल ना. पन ते थांबनार नाईत. बैलामागं चाल."

मला वाटलं, बांधावरच उभी राहील. ती उतरली चिखलात. बैल पुढं, त्यामागं हे, त्यामागं मंजिरी पाय उपटत.

"मामा, आईंच्या अस्थी अजून झाडालाच टांगलेल्या आहेत."

"मंग? माह्या घरी आनून टांगाच्या हायेत का?"

"हे महादेवघाटावर न्यायचं म्हणत होते. खारून नदी जवळ, अर्ध्या तासाचं काम. पण आई जाताना मला सांगून गेल्या. राजिमलाच न्या म्हणाल्या, संगमात, कुलेश्वरापाशी. एक मूठ निरंजनच्या हाताची, एक मूठ दादाच्या हाताची. आणि म्हणाल्या, दोघं येत नाहीत तोवर मला झाडालाच टांगून ठेवा."

नांगर थांबला. बैलांनी वळून पाहिलं.

"असं बोलली?"

"हो."

"हासून बोलली का रडून?"

मंजिरीनं आठवून पाहिलं. "हसल्या होत्या थोड्या."

"हासलीच असंन." त्यांनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. पावसाचं होतं की कशाचं, मी पाहिलं नाही. "सावनात कुलेश्वरले डोंग्यानं जा लागते. नावेनं. आन् मामा-भाचा एका डोंग्यात बसत नाईत. हे तुले सांगतलं का तिनं?"

"नाही. का बसत नाहीत?"

आता हे तिला कोण सांगणार? मीच सांगितलं. राजिमला तीन नद्या मिळतात, महानदी, पैरी आणि सोंढूर. मधोमध उंच ओट्यावर कुलेश्वर महादेव बसला आहे. सीतामाईनं वनवासात वाळूची पिंड करून पुजली, तीच ही, असं इकडचे लोक मानतात. तो भाचा. आणि काठावर दुसरं महादेवाचं मंदिर आहे, तो मामा. पुरात कुलेश्वर बुडायला लागला की तो ओरडतो, मामा, वाचव. मग पाणी चढत चढत मामाच्या पायाला लागतं, आणि लागलं की उतरतं. त्या दोघांचीच ताटातूट आहे, म्हणून माणसातल्या मामा-भाच्यांनी एका नावेत बसायचं नाही. नाव बुडते. एक गेला तर दुसरा राहिला पाहिजे, हाक मारायला आणि ऐकायला.

"मग आईंना हे माहीत असून..."

"तिले नसंन मालूम?" हे म्हणाले. "माघातल्या पुनवेले दरसाल बापाच्या खांद्यावर बसून जात होती. वाळूत टरबुजाच्या वेली तुडवल्या म्हनून केवटाच्या शिव्या खाल्ल्या हायेत तिनं. सारं मालूम होतं."

त्यांनी नांगराची मूठ पुन्हा धरली.

"मामा, येणार ना?" मंजिरीचा आवाज बारीक झाला. "लग्नात हसले ते माझ्या काकांकडचे लोक होते. चूक आमच्या लोकांची होती. हे तेव्हा घाबरले."

"तुह्या लोकाइले काय मालूम? ते नागपूरचे. त्याले तं मालूम होतं."

एवढं बोलून त्यांनी बैल हाकले.

ते लग्न राजधानी झाल्यावर तीनच महिन्यांनी झालं होतं. शहरात गाड्याच गाड्या, नवी दफ्तरं, नवे साहेब. निरंजनलाही अशाच एका नव्या दफ्तरात खुर्ची मिळाली होती. छत्तीसगढात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्यामाई इथली माहेरवाशीण, म्हणून राम इथला भाचा, आणि म्हणून प्रत्येकाच्या घरातला भाचा राम. आमची माणसं विदर्भातून आलेली, तिकडे ही रीत नाही. पण तीन पिढ्या या मातीत राहिल्यावर ती आमचीही झाली. निरंजन पाळण्यात होता तेव्हापासून आमच्या घरचे त्याच्या तळपायांना कपाळ लावत आले. पोट्टा हसायचा, लाथ मारायचा, यांना त्याचं कौतुक.

लग्नात यांनी पितळी परात नेली, घासून घासून लख्ख केलेली. नवरदेव मांडवातून उतरला की त्याचे पाय धुवायचे. हे खाली बसले, परात पुढं केली, पहिला पाय हातात घेतला. तेवढ्यात वधूकडचा कोणीतरी म्हणाला, "अरे, हे काय उलटं चाललंय? म्हातारा पोराच्या पाया पडतोय!" हशा झाला. निरंजननं झटकन पाय ओढला. "मामा, रहने दीजिए ना ये सब, लोग देख रहे हैं." परात कलंडली. पाणी यांच्या धोतरावर.

यांनी परात उचलली, फडक्यानं कोरडी केली, काखेत घेतली, आणि न जेवता निघाले. मी मागून धावले. वाटेत एकच बोलले, "माह्यासंगं हिंदीत बोलला तो." त्यानंतर त्या घरची पायरी चढले नाहीत. लताच यायची, राखीला, भाऊबीजेला. निरंजन एकदा आला तेव्हा हे मागच्या दारानं शेतात गेले.

मंजिरी बांधावर चढली, पाय धुतले, चपला घातल्या. पाठमोरी झाली तेव्हा शेताच्या पलीकडून आवाज आला, "सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो म्हनून सांग त्याले! बोलीन असं समजू नको म्हनाव!"

सोमवारी अर्धी बियासी तशीच टाकून आम्ही निघालो. मीनलजवळ शेजारीण बसवली, तरी माझा जीव अर्धा घरी. गाडीत हे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात होते. कधी या खिडकीत, कधी त्या. एक बाई म्हणाली, "भैया, बइठ जावो ना, गाडी तो अपने आप चलत हे." हे बसले, आणि लगेच उठले.

राजिमच्या अलीकडे नवापाऱ्याला उतरून पुलावर आलो तेव्हा नदी दिसली. महानदी भुरी, पैरी लाल. दोन्ही पाण्याचे पट्टे एकमेकाला न मिसळता शेजारी शेजारी पळत होते. माघात जिथं जत्रा भरते, दुकानं लागतात, गाड्या चालतात, ती सगळी वाळू पाण्याखाली. मधे कुलेश्वराचा ओटा, त्यावर मंदिर आणि त्याला लागून पिंपळ. ओट्याच्या पायऱ्या अर्ध्याच दिसत होत्या. राजिमच्या काठावर राजीवलोचनाच्या देवळाचं शिखर पावसात भिजत उभं. सावनी सोमवार असून घाटावर माणूस तुरळक.

निरंजन आधीच आला होता. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं, हातात लाल फडक्यात बांधलेलं लहान मडकं. मंजिरी छत्री धरून उभी. त्यानं यांच्याकडे पाहिलं. यांनी नदीकडे पाहिलं.

सगळ्या नावा वर ओढून बांधलेल्या. एकच केवट तयार झाला, मनबोध. तो आमच्या ओळखीचा. उन्हाळ्यात याच वाळूत टरबूज-काकडी लावायचा, पावसाळ्यात नाव. लताला लहानपणी शिव्या घालणारा केवट तो याचाच बाप.

"लता दीदी के फूल आय का?" त्यानं अस्थींचं विचारलं, आणि मडक्याला हात जोडले. "चलो. पन जल्दी करव. पानी चढ़त हे."

निरंजन नावेत बसला, मागं वळून म्हणाला, "मामा, आप भी बैठिए."

हे हलले नाहीत. मनबोधनं वल्हं आडवं धरलं.

"ममा-भांचा एके डोंगा म नइ बइठय, बाबू."

"काका, ये सब पुरानी बातें हैं. पानी चढ़ रहा है, एक ही बार में छोड़ दो."

"पुरानी हे त काय होगे? डोंगा घलो पुराना हे. ओमा त बइठे हस."

माझ्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. मनबोधचं म्हणणं बरोबरच होतं, जुन्या नावेत तर तो बसलाच होता. नाव जुनी म्हणून तर ती टिकली होती.

"त्याले आधी ने," हे मनबोधला म्हणाले, निरंजनला नाही. "फूल त्याच्याजवळ हायेत. तिथं उतरव, मंग मले घेऊन जा. आन् त्याले सांग, माह्याबिगर मूठ सोडाची नाई."

"मैं सुन रहा हूँ, मामा," निरंजन म्हणाला.

"सांग त्याले," हे पुन्हा मनबोधलाच म्हणाले.

नाव सुटली. मनबोधनं ती आधी काठाकाठानं वर नेली, मग धारेत सोडली, तिरपी होत होत ती बरोबर कुलेश्वराच्या पायऱ्यांना लागली. निरंजन उतरला. मडकं छातीशी धरून पायऱ्या चढला. ओट्यावर पुजारी बाबा होते, ते पुढं आले. दोघांनी मिळून मडकं पिंपळाच्या फांदीला बांधलं. अस्थी जमिनीला टेकवत नाहीत, हे त्याला आठवलं होतं. यांनी ते पाहिलं. यांचा खालचा ओठ हलला.

मनबोध परत येत होता. अर्ध्या वाटेत होता तेव्हा पैरीकडून आवाज आला, जसा दूरवरून मालगाडीचा येतो. वर डोंगरात पाऊस कोसळला असणार. लाल पट्टा फुगला आणि भुऱ्या पट्ट्याला ढकलत काठापर्यंत आला. एक अख्खं झाड, मुळांसकट, मनबोधच्या नावेच्या पुढून गेलं. तो कसाबसा काठाला लागला, उडी मारून दोरी धरली. आम्ही सगळ्यांनी मिळून नाव ओढली. 

"अब नइ जावंव, दाऊ," तो म्हणाला. "कतको कहव, अब नइ जावंव."

यांनी त्याला कितीही सांगितलं तरी तो जाणार नव्हता, आणि यांनाही ते दिसत होतं. तरी विचारत राहिले. "मले एकट्याले ने. मी वल्हवतो." "त्या पारून तरी नाव निघंन का?" "दोरी टाकून पाहू का?" मनबोध प्रत्येक वेळी नुसती मान हलवायचा. घाटावरचा पोलीस आला, म्हणाला, कुलेश्वराला काही होत नाही, किती पूर पाहिले त्यानं, माणसं रात्रभर तिथं राहून सकाळी परत येतात. लोक धीर देत होते. पण मंजिरी छत्री मिटून पावसात उभी राहिली होती. निरंजननं भिजू नये म्हणून मोबाइल तिच्याचकडे दिला होता. तो हातात धरून ती उगाच बटणं दाबत होती.

"मामी, आवाज देऊ का त्यांना?"

"दे ना बाई. पन एवढ्या पान्यात जाईल कसा?"

तिनं हाक मारली. तिची तिलाच ऐकू आली नसेल.

तेवढ्यात तिकडून घंटी वाजली. मंदिराची घंटी. थांबली, पुन्हा वाजली. निरंजन वाजवत होता. आम्ही इथं आहोत, एवढंच ती सांगत होती.

"हव, हव," हे काठावरून म्हणाले, जसं कोणी शेजारी बसून बोलत होतं. "आयकून राहिलो."

आणि तिथून ते जे सुरू झाले. घाटाच्या पायऱ्या उतरायचे, पाण्याला हात लावून पाहायचे, चढायचे. मामाच्या मंदिरापाशी जायचे, त्याच्या खालच्या पायरीवर उभे राहायचे, परत यायचे. मी फोडणीचे पोहे आणले होते, कोणी हात लावला नाही. मधेच म्हणाले, "बइल कोनी बांधले असंन का?" मधेच म्हणाले, "त्याच्या पायात चप्पल होती का?" मी म्हटलं, अस्थी घेऊन जाणारा चप्पल कशी घालंन? "मंग पाय कापत असतीन त्याचे. लहानपनापासून थंडी सोसत नाई त्याले."

"तुम्ही तं त्याच्याशी बोलत नोते," मी म्हटलं.

"आता तरी कुठं बोलून राहिलो? तुह्याशी बोलून राहिलो."

दुपार कलली. कुलेश्वराच्या पायऱ्या एक एक करून गेल्या. ओट्याची फक्त वरची कड राहिली. पाणी त्याच्या दगडावर आपटून दोन्ही बाजूंनी फाटत होतं, आणि मधे ते मंदिर असं दिसत होतं की तेच उलट्या दिशेनं चालत निघालंय. घंटी वाजत होती. कधी लवकर लवकर, कधी बऱ्याच वेळानं. वाजली की यांचा चेहरा सैल व्हायचा.

दिवे लागायची वेळ झाली आणि घंटी थांबली.

आम्ही वाट पाहिली. मनबोध उभा राहिला. मंजिरीनं माझा दंड धरला, तिची नखं लागली मला. पाण्याचाच आवाज. समोर फक्त काळं टेकाड, दिवा नाही, काही नाही.

"बाबा आरती करत असतीन," मी म्हटलं. आरती असती तर घंटी वाजली असती, हे मलाही कळत होतं.

यांनी पायातली चप्पल काढली. धोतर वर खोचलं. मामाच्या मंदिराकडे गेले आणि पायऱ्या उतरू लागले. पाणी मामाच्या पायापासून चार-पाच पायऱ्या खाली होतं. मनबोध ओरडला, "दाऊ! कहाँ जात हस!" मी मागं धावले. हे शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पोटऱ्यांपर्यंत. धार एवढी की पाय एका बाजूला ओढले जात होते. मनबोधनं मागून काखेत हात घालून धरलं, मी कमरेचं धोतर धरलं.

"पाह्य!" ते नदीला म्हणाले. मोठ्यानं, शेतातून गड्याला हाक मारावी तसे. "पाह्य, लागलं ना मामाच्या पायाले? मीच मामा हावो. नरहरी. लताचा भाऊ. त्या पोट्ट्याचा मी मामा हावो, तो दगडातला नाई. तू मामाच्या पायाले लागली का उतरते ना? मंग लागली. आता काहून चढून राहिली? उतर!"

"दाऊ, चल, ऊपर चल."

"थांब रे! तिले आयकू दे." मग आवाज एकदम खाली आला. "पाय धुवाचे होते त्याचे. परात आनली होती. आता तूच धू. धू, पन ने नोको."

आम्ही दोघांनी त्यांना तसंच धरून ठेवलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मंजिरी वर उभी होती. मग तीच ओरडली, "मामी! वाजली! वाजली!"

खरंच वाजली होती. नंतर कळलं, घंटीची दोरी भिजून तुटली होती, आणि निरंजन अंधारात पुजाऱ्याच्या धोतराची पट्टी फाडून नवी बांधत होता.

त्या रात्री आम्ही मामाच्या मंदिराच्या ओसरीत बसून राहिलो. उजाडलं तेव्हा पाणी यांच्या कालच्या पायरीहून दोन पायऱ्या खाली गेलं होतं, आणि कुलेश्वराच्या ओट्याच्या काही पायऱ्या पुन्हा बाहेर आल्या होत्या. वरचा पाऊस थांबला असेल. मनबोध म्हणाला, मामाच्या पायाला लागलं म्हणून उतरलं. मी दोन्ही ऐकून घेतलं. हे नावेत जाऊन बसले.

"मीनलची माय, तू चाल संगं," मला म्हणाले. "तो काही बोलला तं मले सुधरनार नाई."

निरंजन पायऱ्यांवर उभा होता. ओठ निळे, डोळे लाल, पाय चिखलानं आणि शेवाळानं माखलेले. मडकं पिंपळाला जसंच्या तसं. हे उतरले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. मी मधे पडणार नव्हते.

"मूठ सोडली तं नाई ना?"

"नाई, मामा."

"मंग पाय पुढं कर."

निरंजननं माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसला आणि दोन्ही पाय पुढं केले. हे खालच्या पायरीवर पाण्यात उकिडवे बसले. परात नव्हती. ओंजळीनं पाणी घेतलं, एक पाय धुतला, दुसरा धुतला, बोटांच्या मधला चिखल अंगठ्यानं काढला, डोक्याच्या फडक्यानं पुसले, आणि तळपायांना कपाळ लावलं. खूप वेळ उचललं नाही. निरंजन हुंदके देत होता, पण पाय जागचे हलवले नाहीत त्यानं. पुजारी बाबा म्हणाले, "भांचा राम आय." आणि दुसरीकडे वळून उभे राहिले.

मग दोघांनी मडकं उतरवलं. एक मूठ त्याची, एक मूठ यांची. लता भुऱ्या पाण्यात गेली, लाल पाण्यात मिसळली, दिसेनाशी झाली.

"आता चल," हे निरंजनला म्हणाले, आणि नावेकडे बोट केलं. "बस माह्यासंगं. आता काय राहिलं."

मनबोधनं वल्हं आडवं धरलं.

"काल त नइ बइठेव, आज बइठहू? नइ चलय."

"अरे, आता तं..."

"पहिली भांचा. पीछे ममा," तो म्हणाला. यांनी चरफडत वल्ह्यावर थाप मारली, पण मागं सरकले. निरंजन पहिल्या खेपेनं गेला. आम्ही दुसऱ्या.

पोळ्याला मीनलला मुलगी झाली. त्या सालापासून दर बियासीला निरंजन खपरीडीहला यायचा. नांगर त्याला कधी सरळ धरता आला नाही, हे त्याला हसायचे, तोही हसायचा. मग बांधावर बसायचा आणि पाय सोडायचा चिखलाकडे. हे येऊन ते धुवायचे. मंजिरीची पोट्टी पाहत उभी राहायची. तिला ते उलटं वाटत नव्हतं.

हे गेले तेव्हा अस्थी न्यायची वेळ आली. दसरा झाला होता, नदीत अजून नाव चालायला पुरेसं पाणी होतं, पण संथ. मनबोध आता म्हातारा झाला होता, तरी तोच आला. मडकं निरंजनच्या हातात होतं. तो नावेजवळ गेला, एक पाय उचलला, आणि थांबला. मनबोध काही बोलला नव्हता. नदीकडे पाहत होता.

निरंजननं पाय परत वाळूवर ठेवला. मागं फिरला आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"मामी, मामाले तू घेऊन जाय," तो म्हणाला. "मी मागून दुसऱ्या खेपेनं येतो."

मी नावेत बसले. यांना मांडीवर घेतलं. मनबोधनं वल्हं पाण्यात घातलं. मधोमध गेलो तेव्हा वळून पाहिलं, निरंजन काठावर मामाच्या पायरीवर बसला होता, दोन्ही पाय पाण्यात सोडून.

माझे मालक नरहरी ठवकर, राहणार खपरीडीह, दोन हजार तेरा साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच वारले. त्यांची बहीण लता त्यांच्या आधी, दोन हजार पाचच्या सावनात वारली होती.